बांबेर्गचा कडीपाट आणि धूर

सांगलीत नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मी जुन्या वाड्यांची छायाचित्रे काढतो. आयुष्यभर इमारतींच्या सांगाड्यांचे हिशेब केल्यामुळे असेल, पण दर्शनी नक्षीपेक्षा तुळई भिंतीत कशी शिरते आणि खांबाखालचा दगड किती झिजला आहे, याकडे माझा कॅमेरा आधी वळतो. गेल्या सप्टेंबरमध्ये भाची मुक्ता हिच्याकडे जर्मनीत जाण्याचा योग आला. ती एर्लांगेनच्या विद्यापीठात संशोधन करते. तिने आठवडाभर माझा हा छंद सहन केला आणि मग म्हणाली, ‘‘मामा, तुला चालू अवस्थेतला वाडा बघायचा असेल तर बांबेर्गला चल. तिथे सहाशे वर्षांच्या घरात अजून बिअर वाहते.’’ मी स्वतः वर्षातून दोन-तीनदा घोटभर घेणारा माणूस, त्यामुळे बिअरचे आकर्षण बेताचेच होते. पण ‘चालू अवस्थेतला’ हे शब्द मला पुरेसे होते. आम्ही गुरुवार ते रविवार असे चार दिवस काढले.

दिवस पहिला: स्टेशनपासून पुलापर्यंत

एर्लांगेनहून बांबेर्ग रेल्वेने पाऊण तासाच्या आत येते. स्टेशनाबाहेर पडून जुन्या गावाकडे निघालो की नदीचा फाटा लागण्याआधी ओबेरे क्योनिगश्ट्रासे नावाचा रस्ता लागतो. या रस्त्यावर दोन ब्रुअऱ्या समोरासमोर उभ्या आहेत. एक श्पेत्सिआल, जिचा उल्लेख १५३६ पासून सापडतो. दुसरी फेसला, जी १६४९ मध्ये, म्हणजे तीस वर्षांचे युद्ध संपल्याच्या दुसऱ्याच वर्षी सुरू झाली. युद्धाने उजाड झालेल्या प्रदेशात पहिल्यांदा जे उभे राहिले त्यात बिअरची भट्टी होती, हे मला तेथील लोकांच्या स्वभावाशी सुसंगत वाटले.

दोन्ही घरांची ठेवण पाहताच मी थबकलो. रस्त्याला लागून मोठा दरवाजा, त्यातून आत जाणारा फरसबंदी बोळ, बोळाच्या एका अंगाला बैठकीची खोली आणि पलीकडे चौक. आपल्याकडे वाड्याच्या दरवाजातून आत शिरल्यावर जी देवडी लागते, तीच ही जागा; फरक इतकाच की आपल्या देवडीत पहारेकरी बसत आणि इथे लोक हातात पेला घेऊन उभे असतात. या बोळाला तिथे ‘श्वेमे’ म्हणतात. पूर्वी याच वाटेने घोडागाड्या पिंपे घेऊन चौकात जात. ज्यांना आत बसून जेवायचे नाही, कामावरून घरी जाताना उभ्या उभ्या एक पेला घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी भिंतीत एक खिडकी असते आणि त्यातून अर्ध्या लिटरचा पेला बाहेर येतो. त्या पेल्याला फ्रांकोनियात, म्हणजे बांबेर्गच्या आसपासच्या प्रदेशात, ‘झाइडला’ म्हणतात.

बोळात एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ भिंतीतल्या फळीवर कोपर टेकून उभे होते. मी ट्रायपॉड उघडताच त्यांनी मुक्ताला काही विचारले, आणि ते पुरातत्त्व खात्याच्या चौकशीसारखे गंभीर वाटले. प्रश्न साधा होता: फोटोत मी येणार का? येणार असेन तर चेहरा नको, हात चालेल. मी त्यांचा फळीवरचा हात, त्यातला पेला आणि मागे झिजलेल्या दगडी चौकटीची कड अशी चौकट जुळवली. त्यांचा अंगठा पेल्याच्या दांड्यावर जिथे टेकला होता, त्याच उंचीवर मागच्या दगडाला शतकानुशतकांच्या खांद्यांनी गुळगुळीत केले होते. या चार दिवसांत मी जे शेकडो फोटो काढले, त्यातला हा दुसरा किंवा तिसरा असेल.

छायाचित्रकारांनी इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जर्मनीत सार्वजनिक रस्त्यावर उभे राहून इमारतीचा दर्शनी भाग टिपायला हरकत नसते, परंतु दरवाजाच्या आत पाऊल टाकले की मालकाची परवानगी लागते आणि ओळखू येईल अशा माणसाचा फोटो प्रसिद्ध करायचा तर त्याची संमती लागते. या दुसऱ्या नियमाचे मूळ मोठे विलक्षण आहे. १८९८ मध्ये बिस्मार्क मरण पावला त्या रात्री दोन छायाचित्रकार त्याच्या घरात घुसले आणि त्यांनी मृतदेहाचा फोटो काढला. त्यावरून जो गदारोळ झाला त्याचा परिणाम म्हणून १९०७ च्या कायद्यात माणसाला स्वतःच्या प्रतिमेवर हक्क मिळाला. देवडीतले आजोबा अर्थातच कायदा सांगत नव्हते. पण मला चेहऱ्याऐवजी हात मिळाला तो या परंपरेमुळेच, असे मानायला मी तयार आहे.

संध्याकाळी आम्ही जुन्या नगरभवनापाशी गेलो. रेग्निट्झ नदीच्या मधोमध, दोन पुलांच्या बेचक्यात ही इमारत उभी आहे. बिशपने नागरिकांना नगरभवनासाठी जमीन दिली नाही म्हणून त्यांनी नदीतच खुंट ठोकून बेट तयार केले, अशी दंतकथा सांगतात. सध्याचे रूप अठराव्या शतकाच्या मध्याचे आहे. भिंतींवरच्या रंगचित्रात एका बालदेवदूताचा पाय खरोखरच भिंतीबाहेर लोंबतो. तिथे कॅमेरे घेतलेल्यांची इतकी गर्दी होती की मी दोन फोटो काढून पुढे निघालो. साडेसातच्या सुमारास सूर्य मावळला आणि गल्ल्यांत पिवळे दिवे लागले.

श्लेंकेर्ला या ब्रुअरीचे मद्यगृह डोमिनिकानेरश्ट्रासेवर, कॅथेड्रलच्या टेकडीच्या पायथ्याशी आहे. पहिल्या रात्री कॅमेरा पिशवीतून काढायचाच नाही असे मी ठरवले होते. आत जागा नव्हती. पण तिथली रीत अशी की अनोळखी लोकांच्या टेबलाशी जागा दिसली तर विचारून खुशाल बसावे. आम्ही एका जोडप्याशेजारी बसलो. समोर आलेली बिअर जवळजवळ काळी होती आणि तोंडाशी नेण्याआधीच तिचा वास आला: चुलीच्या निखाऱ्यात वांगे भाजून त्याची काळी साल सोलताना जो वास बोटांना लागतो, तोच. शेजारचे जोडपे त्याला धुरावलेल्या डुकराच्या मांसाची उपमा देत होते. मी मुक्ताला भरीत म्हणालो तर ती इतकी हसली की तिला शेजाऱ्यांना भरीत म्हणजे काय ते समजावून सांगावे लागले. तिसऱ्या पेल्याआधी मत बनवू नये असे तिथे म्हणतात. आम्ही दोघांत एकच घेतला, त्यामुळे माझे मत अधिकृत नाही. पण मला ती पहिल्या घोटातच आवडली.

दिवस दुसरा: काळ्या तुळयांखाली

सकाळी नदीवर धुके होते आणि रस्ते ओले होते. श्लेंकेर्लाच्या दारासमोरची गल्ली इतकी अरुंद आहे की पाठ समोरच्या भिंतीला टेकवली तरी साध्या भिंगात छताचा कोन मावत नाही. कॅमेरा वर कलवला की लाकडी सांगाड्याची भिंत मागे झुकलेली दिसते, आणि सरळ भिंत वाकडी दाखवणे माझ्या व्यवसायात पाप समजले जाते. मी २४ मिलिमीटरचे शिफ्ट भिंग नेले होते, त्यात कॅमेरा सपाट ठेवून भिंग वर सरकवता येते. तसे भिंग नसेल तर जमिनीला समांतर कॅमेरा धरून उभा फोटो काढावा आणि खालचा रस्ता नंतर कापून टाकावा. पैसे वाचतात आणि काम भागते.

या घराचा पहिला उल्लेख १४०५ चा आहे. तेव्हा त्याचे नाव ‘निळा सिंह’ असे होते. ‘श्लेंकेर्ला’ हे नाव नंतर लोकांनी ठेवले. एकोणिसाव्या शतकातल्या एका मालकाची चाल हातपाय झोकत चालणाऱ्याची होती म्हणून हे टोपणनाव पडले असे सांगतात. आपल्याकडेही घराण्याचे खरे आडनाव मागे पडून आजोबांच्या खोडीवरून पडलेले नाव सातबाऱ्यावर चढते, तसाच हा प्रकार.

वाढप्याला विचारले तेव्हा त्याने तीन अटी घातल्या: ट्रायपॉड नको, फ्लॅश नको, आणि गर्दी व्हायच्या आत आटपा. ट्रायपॉडची उणीव मुक्ताच्या स्वयंपाकघराने भरून काढली. तिच्याकडचा पावशेर तांदूळ एका कापडी पिशवीत भरून मी बरोबर आणला होता. ती पिशवी टेबलावर ठेवून त्यात कॅमेरा दाबून बसवला की अर्ध्या सेकंदाचा फोटोही हलत नाही. रात्री तोच तांदूळ शिजवता येतो, ही जादाची सोय.

आत शिरल्यावर डोळ्यांना मिनिटभर काही दिसत नाही. मग वरचे छत हळूहळू वर येते. ओळीने टाकलेल्या जाडजूड तुळया, त्यांवर फळ्या. म्हणजे थेट आपला कडीपाट. लाकूड काळे पडलेले, खाली भिंतीला छातीपर्यंत फळ्यांचे आवरण आणि त्याला लागून लांब बाके. टेबलांवर कापड नसते. घासून घासून टेबलाच्या लाकडाचे मऊ भाग खाली गेले आहेत आणि रेषा वर राहिल्या आहेत. तळहात फिरवला की पन्हाळीच्या पत्र्यावरून फिरवल्यासारखे लागते. खिडकीतून येणारा उजेड पहिल्या टेबलापर्यंत पोहोचतो आणि तिथेच संपतो. अशा खोलीत एकाच फोटोत खिडकी आणि तुळई दोन्ही नीट येणे अशक्य असते. मी पाच-पाच फोटो वेगवेगळ्या उजेडमानाने काढले आणि नंतर जोडले. मात्र जोडताना तुळया उजळ करण्याचा मोह टाळला. या खोलीत अंधार हा दोष नाही, तो बांधकामाचाच भाग आहे.

शेजारचे दालन अगदीच वेगळे निघाले. ते मूळ डोमिनिकन मठाचे. हा मठ चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचा. इथे कडीपाट संपतो आणि दगडी कमानींचे छत सुरू होते. एका उंबरठ्यावर उभे राहून डावीकडे लाकडी तुळईने पेललेला भार आणि उजवीकडे कमानीने भिंतीत उतरवलेला भार असे दोन्ही एकाच चौकटीत घेता येतात. मी तो फोटो तीन वेळा काढला आणि तिन्ही वेळा कोणीतरी पेला घेऊन मधून गेले. शेवटी मधून जाणारा माणूस धूसर राहू दिला. तोच फोटो सर्वांत चांगला आला.

सर्वांत जास्त वेळ मात्र मी बिअर ओतण्याच्या खिडकीपाशी घालवला. इथे बिअर ओकच्या लाकडी पिंपातून, केवळ तिच्या स्वतःच्या वजनाने खाली येते. वायूच्या दाबाचा काही संबंध नाही. एक पिंप रिकामे झाले. ओतणाऱ्याने दुसरे ओट्यावर चढवले, पितळी तोटी भोकावर टेकवली, लाकडी हातोडा उचलला आणि दोन ठोके दिले. पहिल्या ठोक्याला पिंपातून धाप टाकल्यासारखा आवाज आला, दुसऱ्याला तोटीच्या कडेने पांढरा फेस उडून त्याच्या मनगटावर आला. त्याने मनगट पुसले नाही. पेला तोटीखाली धरून भरला, फेस बसायची वाट पाहिली, पुन्हा भरला. या सगळ्यात तो एकदाही माझ्याकडे बघत नव्हता. कॅमेऱ्यासमोर काम करण्याची त्याला सवय असणार.

दुपारी पाऊस सुरू झाला म्हणून तिथेच जेवलो. बांबेर्गचा कांदा प्रसिद्ध आहे. या गावात शहराच्या आत भाजीमळे राखणाऱ्यांची मोठी वस्ती होती, आणि कांद्याचे वाफे पायाने तुडवण्याच्या पद्धतीवरून बांबेर्गकरांना ‘कांदे तुडवणारे’ असे चिडवतात. इथला खास पदार्थ म्हणजे खिम्याने भरलेला अख्खा कांदा, वरून धुराच्या बिअरचा रस्सा. आपल्या भरल्या कांद्याचा दूरचा सामिष भाऊ म्हणायला हरकत नाही. तिखटाची मात्र कमतरता होती. मुक्ता शाकाहारी असल्याने तिने ‘गेरुप्फ्टर’ मागवले: चीज, लोणी, कांदा आणि पाप्रिका कालवून केलेला लगदा, सोबत काळा पाव. शाकाहारी मंडळींनी हे नाव पाठ करून जावे. बाकी यादीत त्यांच्यासाठी फारसे नसते.

दिवस तिसरा: टेकडीच्या पोटात

बांबेर्ग सात टेकड्यांवर वसले आहे असे तिथले लोक रोमच्या ऐटीत सांगतात. त्यातल्या श्टेफान्सबेर्ग टेकडीवर श्लेंकेर्लाची प्रत्यक्ष ब्रुअरी आहे. खालच्या गल्लीतले घर आता फक्त पिण्याचे. चढण चढताना एका वळणावर धुराचा वास आला आणि आपण योग्य रस्त्यावर आहोत हे कळले.

या धुराची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. बिअरसाठी जव भिजवून त्यांना मोड आणतात आणि मग ते वाळवून मोड थांबवतात. त्याला माल्ट म्हणतात. आपण नाचणीला मोड आणून सत्त्व करतो, त्यातली पहिली पायरी हीच. आपण नाचणी उन्हात वाळवतो. युरोपच्या उत्तरेला तेवढे भरवशाचे ऊन नाही, म्हणून जव जाळावर वाळवत. जाळ लाकडाचा, त्यामुळे धूर धान्यात शिरायचाच. म्हणजे एके काळी बहुतेक बिअरला कमी-अधिक धुराचा वास असणार. पुढे धूर बाजूला ठेवून नुसत्या गरम हवेवर माल्ट वाळवणाऱ्या भट्ट्या आल्या आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत बहुतेकांनी जुनी पद्धत टाकून दिली. बांबेर्गच्या श्लेंकेर्ला आणि श्पेत्सिआल या दोन घरांनी ती टाकली नाही. दोघेही आजतागायत स्वतःचे माल्ट स्वतःच बीच वृक्षाच्या लाकडावर वाळवतात. श्पेत्सिआलची बिअर फिकट आणि धूर सौम्य. श्लेंकेर्लाची गडद आणि धूर सरळ अंगावर येणारा. ज्यांना धास्ती वाटते त्यांनी श्पेत्सिआलपासून सुरुवात करावी.

टेकडीच्या आतल्या बोगद्यांत वाटाड्याबरोबरच जाता येते. आमचा फेरा जर्मन भाषेत होता आणि मुक्ता माझ्या कानाशी कुजबुजत होती. या टेकड्या वालुकाश्माच्या आहेत. आधी लोकांनी इथून वाळू खणून काढली, कारण लाकडी जमिनी आणि भांडी घासायला ती लागे. आपण राख वापरत होतो तशी. वाळू काढून पोकळ्या झाल्या, आणि पोकळीत उन्हाळ्यातही थंडावा राहतो हे लक्षात आल्यावर ब्रुअऱ्यांनी त्यांत पिंपे ठेवायला सुरुवात केली. गावाच्या टेकड्यांखाली अशा बोगद्यांचे जाळे दहा किलोमीटरपेक्षा अधिक आहे. दुसऱ्या महायुद्धात लोक हवाई हल्ल्यांपासून बचावासाठी यातच बसले.

आत शिरताना बाहेर चोवीस अंश होते. आत माझ्या खिशातल्या तापमापकाने दहा दाखवले. भिंतींवर पहारीचे तिरपे ओरखडे स्पष्ट दिसतात, काही डावीकडून आणि काही उजवीकडून, त्यावरून खणणारा कोणत्या हाताचा होता याचा अंदाज बांधता येतो. छताला कुठेही आधाराची तुळई नाही. दगड स्वतःच कमानीचा आकार घेऊन उभा आहे. चाळीस वर्षे लोखंडाच्या सळ्या मोजणाऱ्या माणसाला हे पाहून जरा ओशाळल्यासारखे होते. मी विजेरी हातात धरून उजेड भिंतीला जवळजवळ समांतर टाकला, तेव्हा ते ओरखडे शेताच्या नांगरटीसारखे उठून आले. समोरून उजेड टाकला असता तर भिंत सपाट दिसली असती.

फजिती बाहेर आल्यावर झाली. तासभर दहा अंशांत गारठलेला कॅमेरा मी ऊबदार हवेत तसाच उघडा आणला आणि क्षणात भिंगावर दव जमले. पुसले तर पुन्हा जमले, आणि थोडे आतल्या काचेवरही दिसू लागले. अर्धा तास एका कठड्यावर बसून वाट पाहण्यावाचून इलाज नव्हता, आणि तेवढ्यात कॅथेड्रलच्या चारही मनोऱ्यांवर पडलेला उत्तम तिरपा उजेड येऊन गेला. तळघरातून बाहेर येण्याआधी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करावा आणि बाहेरच्या हवेशी त्याचे तापमान जुळेपर्यंत उघडू नये. हे मला माहीत होते. माहीत असणे आणि पिशवी बरोबर असणे यांत अंतर असते.

संध्याकाळी श्पेत्सिआलच्या केलरवर, म्हणजे तळघरावर, गेलो. ‘वर’ हा शब्द मुद्दाम लिहिला आहे; बांबेर्गमध्ये तळघर‘आत’ जात नाहीत, तळघरा‘वर’ जातात. पिंपांचे बोगदे टेकडीच्या पोटात, आणि त्यांच्या माथ्यावर ऊन तापू नये म्हणून चेस्टनटची झाडे लावलेली. पाने रुंद असल्याने सावली दाट पडते आणि मुळे उथळ असल्याने खालच्या छताला धोका पोहोचत नाही. सावली आहे, खाली बिअर आहे, मग बाके मांडायला कितीसा वेळ लागणार? कृत्रिम थंडावा देणारी यंत्रे आल्यावर बोगद्यांची गरज संपली, आणि गमतीची गोष्ट म्हणजे त्या यंत्रांचा मोठा प्रवर्तक कार्ल फोन लिंडे हा याच ओबरफ्रांकेन भागातल्या बेर्नडोर्फचा, १८४२ चा जन्म. त्याच्या सुरुवातीच्या यंत्रांपैकी एक म्युनिकच्या एका ब्रुअरीतच बसले होते. बोगदे ओस पडले, पण त्यांच्यावरची सावली कोणी सोडली नाही.

पलीकडेच जुनी वेधशाळा आहे. ती एर्लांगेनच्याच विद्यापीठाची, त्यामुळे मुक्ता तिथे घरच्यासारखी बोलत होती. तिने डब्यातून थालीपीठ आणि लसणाची चटणी काढली. बाहेरचे खाणे चालते का हे आधी विचारून घेतले होते. जुन्या केलरवर अशी मुभा पुष्कळदा असते, तरी विचारावेच. समोरच्या बाकावरच्या एका आजींनी चटणीचा चिमूटभर कण जिभेवर ठेवला, डोळे मिटले, काही बोलल्या नाहीत, आणि आपला पेला एका दमात अर्धा केला. धुराची बिअर आणि लसणाची चटणी यांचे जमते, एवढे मी जबाबदारीने सांगतो.

दिवस चौथा: मठ आणि वीटभट्टीच्या रंगाचे घर

रविवारी कॅथेड्रल डोळ्यांखालून घातले आणि मिखाएल्सबेर्ग चढलो. तिथला बेनेडिक्टिन मठ १०१५ चा. चर्चची इमारत धोकादायक झाल्यामुळे २०१२ पासून दुरुस्तीसाठी बंद करण्यात आली होती आणि परिसरात परांच्यांचा पसारा होता; परंतु मठाच्या जुन्या ब्रुअरीच्या तळमजल्यांत फ्रांकोनियाचे ब्रुअरी संग्रहालय आहे. पिंपे बनवणाऱ्यांची हत्यारे, माल्ट उलटायची लाकडी फावडी, बर्फ कापायच्या करवती अशा वस्तू तिथे मांडल्या आहेत. फावड्यांच्या दांड्यांवर हातांनी पडलेले खळगे मला आदल्या दिवशीच्या भिंतीवरच्या ओरखड्यांपेक्षाही बोलके वाटले. याच गावात बिशप हाइनरिख याने १४८९ मध्ये बिअरमध्ये माल्ट, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुले) आणि पाणी यांखेरीज काही घालू नये असा हुकूम काढला होता. बव्हेरियाचा याच अर्थाचा प्रसिद्ध कायदा १५१६ चा. बांबेर्ग तेव्हा बव्हेरियात नव्हते, स्वतंत्र बिशपशासित राज्य होते, आणि ही सत्तावीस वर्षांची आघाडी तिथे अजून कोणी विसरू देत नाही.

परतीची आमची गाडी रद्द झाली आणि पुढची दीड तासाने होती. एरवी याबद्दल मी तक्रार लिहिली असती. पण त्या दीड तासात स्टेशनापलीकडचा वायरमान माल्ट कारखाना पाहायला मिळाला. १८७९ मध्ये सुरू झालेल्या या कारखान्याचे माल्ट आज जगभरातल्या छोट्या ब्रुअऱ्यांना जाते. तीन दिवस लाकूड आणि वालुकाश्म पाहिल्यानंतर हा विटांचा अवाढव्य समूह एकदम वेगळ्या युगाचा वाटतो. मनोरे, कमानदार खिडक्या आणि मजल्यामजल्याला फिरलेले विटांचे पट्टे. आत जायचे तर आधी ठरवून गटाबरोबर जावे लागते, म्हणून मी रस्त्यावरूनच काम केले. कललेल्या उन्हात विटांचा लाल रंग दर पाच मिनिटांनी बदलत होता. हवेत भाजलेल्या धान्याचा वास होता, जत्रेत लाह्यांच्या भट्टीपाशी येतो तसा, आणि धुराचा मागमूसही नव्हता. विटांच्या कमानी मोजता मोजता मी इतका रमलो की दुसरी गाडीही चुकली असती.

सांगलीला आल्यावर सहाशेंवर फोटोंतून अकरा ठेवले. त्यातला पहिल्या दिवशीच्या हाताचा फोटो मी छापून मुक्ताकडे पाठवला आणि तो देवडीत पोहोचवायला सांगितले. आजोबा तिला त्याच फळीपाशी, त्याच कोपरावर सापडले. त्यांनी फोटो दिव्याखाली धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले की हात माझाच आहे, दगडही बरोबर आलाय. पण तुझ्या मामाने पेला भरलेला असताना का नाही फोटो काढला?